जावेच्या दुकानावर माझं अक्षर

माझं अक्षर म्हणजे उड्या मारणाऱ्या बकऱ्या, असं सगळे म्हणायचे. नातीने त्या बकऱ्या माझ्याकडून एकेक करून काढून घेतल्या आणि कॉम्प्युटरात बांधून त्यांचा फॉन्ट केला. आता म्हणे कुणीही माझ्या अक्षरात काहीही लिहावं. खेळण्यांच्या दुकानावर, आइस्क्रीमच्या गाडीवर मीच. तिथवर मीही मिरवून घेतलं.

काल धाकट्या जावेच्या शिवणाच्या दुकानावर नवी पाटी दिसली, 'टाका असावा तर असा'. अक्षर माझंच. तिच्या टाक्याला मी जन्मात बरं म्हटलेलं नाही.

"ताई, गिऱ्हाइकं विचारतात, थोरल्या जाऊबाईंनी लिहून दिलं का?" ती दारातून म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अक्षर ओळखता ना?"

मी तिच्याच टेबलावरचा खडू उचलला आणि पाटीखाली भिंतीवर लिहिलं, 'हे मी लिहिलेलं नाही'. रस्त्यावरच्या दोघी थांबल्या, दोन्ही ओळी वाचून हसल्या आणि कापड घेऊन आत शिरल्या.

"राहू दे ताई, शोभतंय," जाऊ म्हणाली.

मी तिला खोटं पाडलं की तिचं दुकान चालवलं, ते मला अजून उमगलेलं नाही. पुसायलाही हात होत नाही. अक्षर चांगलं आलंय.