डोंगरेला कव्हर

मी कॅरम बोर्ड बोलतोय. माझा आवाज तुम्ही ओळखत नसाल, तर त्यात तुमचा दोष नाही. आयुष्यभर लोक माझ्याभोवती बसून बोलत राहिले, मला कोणी मध्ये बोलू दिलं नाही. आज बोलतो. माझं ऐकून सोडून द्या किंवा मनावर घ्या, तुमची मर्जी.

कसबा पेठेतल्या एका अरुंद बोळात ज्ञानदेव मिस्त्रींच्या दुकानात माझा जन्म झाला. जाड प्लायवूडचं अंग, भोवती काळसर पॉलिशची चौकट, चार कोपऱ्यांत चार भोकं आणि त्यांखाली सुताच्या जाळ्या. मिस्त्रींनी माझ्यावर चिमूटभर पावडर टाकली, स्ट्रायकर सोडला, तो समोरच्या कडेला आपटून सरळ त्यांच्या बोटाशी परत आला. "जमलं," एवढंच ते म्हणाले. माझं कौतुक तेवढ्यावरच संपलं.

हेमाताईंनी मला विकत घेतलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा मुलगा आमोद मे महिन्याच्या सुट्टीत घर डोक्यावर घ्यायचा. रिक्षातून अर्धा बाहेर लोंबकळत मी विश्रांतवाडीला आलो आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात स्थिरावलो. वरच्या मजल्यावरची अस्मिता आणि शेजारच्या इमारतीतला केयूर डोंगरे त्याच संध्याकाळी हजर झाले. मला खाटेवर ठेवलं की सोंगट्या एका बाजूला घरंगळतात, हे कळायला त्यांना आठवडा लागला. मग स्टूल आलं.

त्या काळात टीव्हीवर रविवारी दुपारी परदेशी पिक्चर हिंदीत लागायचे. त्यातच एक होता 'सप्तरक्षक'. सात महावीर एकत्र येऊन जग वाचवतात, अशी गोष्ट. त्याचा दुसरा भाग आला, तिसरा आला. या तिघांचं खाणंपिणं, झोपणं सगळं त्यावरच. हिंदी नावं त्यांना पसंत नव्हती, म्हणून त्यांनी आपली मराठी नावं ठेवली. आग ओकणारी ती ठिणगी. अदृश्य होणारा तो गायब्या. आणि दगडासारख्या अंगाचा, सगळ्यांना पाठीशी घालणारा जो सर्वांत थोराड वीर होता, त्याचं नाव त्यांनी ठेवलं डोंगरे.

का, ते सांगायला नको. केयूरचे बाबा तसेच होते. कारखान्यात काम करायचे. उंच, रुंद, जिना चढले की कठड्याला कळायचं. वीज गेली की हेच मला एका हाताने उचलून खाली पार्किंगमध्ये आणून ठेवायचे, म्हणजे पोरांचा डाव मोडू नये. पोरांनी आपलं नाव पिक्चरमध्ये लावलंय हे कळल्यावर ते इतके हसले, की माझ्यावरची राणी हलली. तिसऱ्या भागात पडद्यावरचा डोंगरे बाकीच्यांना वाचवताना मेला, तेव्हा आमोदने त्यांना जिन्यातच गाठलं.

"काका, तुम्ही गेलात."

"बरं झालं. उद्याची पाळी चुकली," काका म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेले.

तो तिसरा भाग साफ आपटला. चौथा आलाच नाही. पण पोरांचं वेड काही उतरेना. कॉलेजात गेले, मिशा फुटल्या, तरी रविवारी माझ्याभोवती बसून हेच चालायचं, की पुन्हा पिक्चर काढायचा झाला तर कसा काढायचा. आमोदचं म्हणणं, सगळं पुसून नव्याने सुरुवात करा. केयूरचं म्हणणं, जिथे थांबलं तिथूनच पुढे न्या. अस्मिता म्हणायची, दोघंही थोडं गप्प बसाल तर माझा नेम लागेल.

सगळे एकदम बोलतात म्हणून त्यांनी एक नियम काढला. कॅरममध्ये लाल राणी नुसती घेऊन चालत नाही, लगेच आपली दुसरी सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत मध्ये. यांनी तोच नियम बोलण्याला लावला. जो राणी घेईल त्याने आपली कल्पना सांगायची, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने जरी 'कव्हर' म्हटलं तर ती कल्पना पक्की, मग तिच्यावर वाद नाही. कोणीच म्हटलं नाही तर राणी परत मध्ये. हेमाताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "एवढ्या शिस्तीत अभ्यास केला असता तर आज तुमचेच पिक्चर निघाले असते."

पुढचं सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

एका पावसाळ्यात डोंगरेकाका गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दीड-दोन महिने केयूर आला नाही. मग एका रविवारी आला. कोणी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. माझ्यावर पावडर पडली, सोंगट्या लागल्या. सगळ्यांनाच वाटलं, खेळलं की बरं वाटेल. मलाही वाटलं.

राणी आमोदने घेतली. बोलत सुटला तो सुटलाच. "सगळं पुसून रीबूट करायचं तर सरळ करा. सातच्या जागी सहा. डोंगरे नव्हताच असं धरायचं. उगाच त्याच्या आठवणी, त्याचे फोटो, रडारड, हवंय कशाला? दोन सीनमध्ये लोक विसरतात."

अस्मिताला क्लासला उशीर होत होता. तिने घड्याळाकडे बघतच म्हटलं, "कव्हर."

पिक्चरबद्दल चाललं होतं, हे मी शपथेवर सांगतो. आमोदच्या मनात तसं काही नव्हतं. वर्षानुवर्षं ते नाव तोंडात बसलं होतं, ते खरोखरच्या माणसाचं आहे हे तो त्या एका क्षणी विसरला. केयूर मात्र विसरला नव्हता. त्याने स्ट्रायकर माझ्यावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि चपला घालून जिना उतरला.

"काय बोललास तू," हेमाताई दारात येऊन म्हणाल्या, "ते तुला कळलं का?"

आमोदला कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. जाऊन माफी मागायला चार मिनिटं लागली असती. पण आज नको, उद्या जाऊ, असं करत आठवडा गेला, आणि मग जायची लाज वाटायला लागली. तिकडे केयूरला वाटलं, याला काहीच वाटलेलं नाही. आमच्या पुण्यात माणसं रस्ता चुकलेल्याला दहा वाक्यं सुनावतील, पण 'चुकलं माझं' हे दोन शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत. डोंगरे मंडळी पुढे येरवड्याला राहायला गेली आणि मी कपाटामागे गेलो.

कपाटामागचं आयुष्य काय सांगू? अंधार, जळमटं, एक पाल. एका कोपऱ्याची जाळी कुजली. आमोद नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. टीव्हीवर कधी 'सप्तरक्षक' लागला, की तो आवाज बंद करायचा, पण चॅनल बदलायचा नाही. ते मला कपाटामागूनही कळायचं.

यंदा आमोदने नवा फ्लॅट घेतला. तिथे माझ्यासाठी भिंत नव्हती म्हणे. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं, फोटो काढला आणि मोबाइलवर विकायला ठेवलं. फोटोत मी बरा दिसलो, पण मन उदास झालं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात बातमी आली, की 'सप्तरक्षक' पुन्हा नव्याने काढणार आहेत आणि कंपनीने चाहत्यांकडून कल्पना मागवल्या आहेत. अस्मिताने बातमी आणि माझा फोटो, दोन्ही केयूरला पाठवले. खाली काहीही लिहिलं नाही. तिच्याही मनात त्या 'कव्हर'चा काटा सलत होताच.

रविवारी जुन्याच घराची बेल वाजली. हेमाताईंनी दार उघडलं. दारात केयूर. आता तोही रुंद झालाय, बापासारखा.

"बोर्ड बघायला आलोय, काकू."

"गिऱ्हाईक म्हणून आलास होय?" हेमाताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग चपला बाहेरच काढ. घरचे लोक आत काढतात."

केयूरने दोन क्षण विचार केला आणि चपला आत काढल्या.

आमोद उभाच राहिला. अस्मिता वरून आली. सहजच माहेरी आले होते, म्हणाली. खोटं होतं ते. केयूरच म्हणाला, "विकत घ्यायच्या आधी चालतो का ते बघायला नको?" पावडरीचा डबा दगड झाला होता. हेमाताईंनी तांदळाची पिठी दिली.

डाव सुरू झाला. नव्या पिक्चरबद्दल बोलणं निघालं. ठिणगी कोणी करावी, गायब्याला संवाद द्यावेत का, यावर तिघं बोलले. सातव्याचं नाव मात्र तिघंही टाळत होते. तो मोठा, तो दगडवाला, असं काहीबाही. मला गुदमरायला झालं.

राणी पुन्हा आमोदलाच मिळाली. त्याने ती जाळीतून काढून हातात धरली. नियमाप्रमाणे आता बोलायला हवं होतं.

"डोंगरे होता," तो म्हणाला. "पिक्चर तिथून सुरू होतो. डोंगरे होता. मी नव्हता म्हणालो, ते चुकलं माझं. मला दुसऱ्याच दिवशी यायचं होतं रे."

अस्मिताने तोंड उघडलं, पण केयूरने हात वर केला.

"कव्हर देऊ नकोस."

आमोदने मान खाली घातली. राणी हळूच मध्ये ठेवली. मला वाटलं, संपलं. मी विकला जाणार आणि ही दोघं पुन्हा आपापल्या घरी जाणार.

"एका वाक्याचा पिक्चर होतो का?" केयूर म्हणाला. "नीट सांग. कसा होता, काय बोलायचा, सगळं. घरी मी आणि आई त्याच त्याच चार गोष्टी सांगतो एकमेकांना. तुझ्याकडच्या मला माहीत नाहीत."

तेव्हा आमोद बोलायला लागला. जिन्यातली उद्याची पाळी सांगितली. ती केयूरला ठाऊकच नव्हती. तो हसता हसता रडला, आणि कोणीही त्याला थांबवलं नाही. काका एकदा अस्मिताला सायकल शिकवताना स्वतःच गटारात पडले होते, ते अस्मिताने सांगितलं. दिवे लागले तरी कोणी स्ट्रायकरला हात लावला नाही. हेमाताई पोहे घेऊन आल्या आणि त्याही बसल्या.

मी आता येरवड्याला, केयूरच्या घरी असतो. विकत नाही, आमोदने तसाच दिलाय. एक जाळी नवी आहे, बाकी अंगावर चरे आहेत, एका बाजूने मी थोडा फुगलोय. कंपनीला कल्पना पाठवायची मुदत केव्हाच संपली आणि यांनी काहीच पाठवलं नाही. दर रविवारी तिघं बसतात, डोंगरेकाकांची एखादी नवी गोष्ट निघते, केयूरची आई आतून येऊन ती दुरुस्त करते.

तुमच्याही घरात कपाटामागे कोणी माझ्यासारखा उभा असेल. त्याला बाहेर काढा. आणि ज्याच्याबरोबर खेळत होतात, तो आधी येईल म्हणून बसून राहू नका. तोही तिकडे तेच म्हणत बसलाय. चपला घाला आणि निघा.