माझी सातवी ओळ

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. पण मला पाहून तुम्ही जुना म्हणणार नाही. एक ठसा सोडला तर माझ्यावर डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही, एक अक्षर पुसलेलं नाही. कुणालाही वाटेल, याला फार जपलंय. खरंच जपलं होतं, आणि तेच माझं दुःख आहे.

माझा जन्म एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, छपाईच्या यंत्रात झाला. बाहेर आलो तेव्हा अंग गरम होतं. माझ्यावर सात ओळी छापल्या होत्या आणि वर मथळा होता, ‘पॉलिप काढण्याआधी व नंतर घरी घ्यायची काळजी’.

पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला उगवलेला मांसाचा लहानसा कोंब. तो बहुधा दुखत नाही. पण तसाच राहू दिला तर पुढे कधी त्याचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून डॉक्टर नळीने आत बघून तो काढून टाकतात. बरीचशी माणसं त्याच दिवशी घरी जातात. घरी डॉक्टर नसतात आणि सिस्टरही नसतात. तिथे मी असतो.

मला एका बाईंच्या हाती दिलं. त्या तीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकून होत्या. त्यांच्या हृदयात एक झडप बसवलेली होती, म्हणून त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत. ती कधी बंद करायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, त्या तारखा सिस्टरनी माझ्यावर लाल पेनाने लिहिल्या. मग म्हणाल्या, “आता न बघता सांगा बरं, काय काय करायचं?”

हा सिस्टरांचा नेम होता. कागद दिला की तो पेशंटच्या तोंडून ऐकायचा.

बाई घडाघडा सांगू लागल्या. हलकं जेवण कधीपासून, जुलाबाचं औषध किती पाण्यात, गोळी कधी बंद, सोबत कोण. बाहेर रांग वाढली होती. सहाव्या ओळीवर सिस्टर हसल्या. “पैकीच्या पैकी! पुढचं घरी वाचा.”

त्यामुळे माझी सातवी ओळ त्या खोलीत कुणीच बोललं नाही.

बाईंचे यजमान वायरमन होते. त्यांना आपण काका म्हणू. काका त्या वेळी खाली स्कूटर हलवायला गेले होते. ते वर आले तेव्हा मी बाईंच्या पिशवीत होतो.

मित्रांनो, माझी कामाची वर्षं म्हणजे फक्त पाच दिवस. पण ते दिवस छान होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून उभा होतो. बाई औषधाचा पेला तोंडाला लावत आणि तोंड वाकडं करत.

“अहो, समुद्र प्यायल्यासारखं लागतंय.”

“पी गं. तीन पेले राहिलेत. मी बाथरूमचा दिवा बदललाय, तुझ्या स्वागताला.”

“फार हुशार! तुम्हीच घ्या एक पेला.”

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले की आतडं आरशासारखं स्वच्छ होतं. मोठा पॉलिप पूर्ण निघाला. बाई घरी आल्या, काकांना म्हणाल्या, “कागदात लिहिलं तस्संच केलं मी.” ते ऐकून मला कोण अभिमान वाटला! लाल पेनातल्या तारखेला त्यांनी गोळीही सुरू केली.

मग त्यांनी मला उचललं. काका म्हणाले, “असू दे की फ्रिजवर.”

“आणि आल्यागेल्यानं वाचायचं? माझ्या पोटातलं सगळं दारावर टांगू? शिवाय तुमच्या हातात कागद गेला की त्याला ग्रीस लागलंच म्हणून समजा.”

शाळेत त्यांनी एकही कागद कधी हरवला नव्हता. त्यांनी माझ्यावर रुमाल ठेवून हलकी इस्त्री फिरवली, मला प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं आणि फाइलमध्ये लावून चादरींच्या कपाटात ठेवलं. दार लावताना करकर झाली. मग अंधार.

पॉलिप काढल्यापासून नवव्या दिवशी दुपारी दार उघडलं. मला वाटलं, बाई मला बघायला आल्या. त्यांनी खालच्या कप्प्यातली चादर घेतली. तासाभराने आणखी एक. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेरून काकांनी विचारलं, “काय गं, सारखी कपाटात काय शोधतेस?”

“काही नाही हो. जुनी मूळव्याध आहे, तीच. तुम्ही जा कामावर.”

मी त्यांच्या डोक्याच्या वरच्या कप्प्यात होतो. हात वर केला असता तर पोहोचला असता. माझी सातवी ओळ अशी आहे: ‘पॉलिप काढल्यावर चौदा दिवसांपर्यंत केव्हाही रक्त गेलं, तर वाट पाहू नका, लाजू नका, लगेच या नंबरवर फोन करा.’ मी ती ओळ मनातल्या मनात ओरडत राहिलो. पण कागदाला आवाज नसतो. कुणीतरी वाचलं तरच आम्ही बोलतो.

दहाव्या दिवशी तीनदा दार उघडलं. अकराव्या दिवशी सकाळी ते उघडलं नाही. बाथरूममध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला, काकांनी दोनदा हाक मारली आणि मग घरात पावलांची धावपळ झाली. बाईंना हॉस्पिटलमध्ये नेलं. अंगातलं रक्त फार गेलं होतं, आणि त्यांच्या हृदयाला ते झेपलं नाही.

बरेच दिवस कपाट बंद राहिलं. पण मित्रांनो, मला मधूनच करकर ऐकू यायची. अंधार तसाच असायचा. दार उघडलेलं नसायचं. तरी खालच्या कप्प्यातून कुणीतरी अलगद चादर ओढतंय असं वाटायचं, आणि मी वाट बघायचो की आता हात वर येईल.

एकदा खरंच हात आला. काकांना जुने रिपोर्ट हवे होते. त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि उभ्याउभ्या वाचलं. सातव्या ओळीशी आले आणि पलंगावर बसले. पॉलिप काढल्यापासून बाई सारख्या कपाटाशी जात होत्या त्या दुपारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच.

“तू घरात होतास,” ते मला म्हणाले. “बोलला का नाहीस?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सिस्टरांच्या टेबलावर ठेवलं. सिस्टरनी लाल तारखा ओळखल्या.

“त्यांना सगळं पाठ होतं हो,” त्या हळूच म्हणाल्या.

“तिला असेल. मला कुणी सांगितलं?”

सिस्टरनी माझ्या सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “सहावर थांबवलं मी त्यांना. रांग होती.” मग उठून त्यांनी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली आणि पेशंटच्या खुर्चीला लावून ठेवली. तेव्हापासून त्या खोलीत सोबतचं माणूस बसल्याशिवाय कागद दिला जात नाही. दोघांनीही सातही ओळी बोलून दाखवायच्या, मगच उठायचं.

काका आता आठवड्यातून दोनदा तिथे जातात. औषध कसं कालवायचं ते दाखवतात, लोकांचं पाठांतर ऐकतात. सुरुवातीला मलाही ते त्याच फाइलमध्ये घालून सोबत नेत.

मध्यंतरी एक शिंपी आले होते, बायकोसोबत. सगळं ऐकलं, पण काकांनी ‘भिंतीवर लावा’ म्हणताच कागदाची घडी घालून पाकिटात ठेवू लागले. “दुकानाच्या वरच घर आहे आमचं. गिऱ्हाईक वर येतं. हे भिंतीवर लावून काय हसं करून घेऊ?”

त्यांची बायको म्हणाली, “लोकांची मापं घेताना लाज वाटत नाही ती!”

काकांनी मला काढून शिंप्यांच्या हातात दिलं. “बघा. कसा आहे?”

“नवा दिसतोय.”

“दोन वर्षांचा आहे. माझ्या बायकोने इस्त्री करून कपाटात ठेवला होता. ती गेली तेव्हाही तो असाच स्वच्छ होता.”

शिंप्यांनी मला दोन्ही हातांनी परत दिलं. त्यांची बायको त्यांच्याकडून आपला कागद मागून घेत म्हणाली, “आरशावर लावते.”

शिंप्यांचा पॉलिप काढल्यावर बाराव्या दिवशी सिस्टरांच्या टेबलावरचा फोन वाजला. काका तिथेच होते. पलीकडून तीच बायको बोलत होती. “लाल दिसलंय. हे म्हणतायत उद्या बघू. पण कागदात वाट पाहू नका लिहिलंय, ते समोरच आहे माझ्या.” तासाभरात ती शिंप्यांना घेऊन आली. डॉक्टरांनी नळीने आत जाऊन रक्त थांबवलं. तिसऱ्या दिवशी शिंपी आपल्या पायांनी घरी गेले.

त्या संध्याकाळी काकांनी घरी येऊन हात न धुताच मला फ्रिजच्या दारावर चिकटवलं. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. हा माझ्या आयुष्यातला पहिला डाग.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतील की आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. मला दारावर लावा. माझ्यावर आमटी सांडू द्या, पाहुण्यांना मला वाचू द्या. घरातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी मोठ्याने, शेवटपर्यंत वाचा. जपायचं असेल तर ज्याचं नाव माझ्यावर लिहिलंय त्या माणसाला जपा.

चादरींच्या कपाटाचं दार अजून मधूनच करकरतं. आम्ही दोघंही तिकडे बघतो. मग काका माझ्यासमोर उभे राहून सातवी ओळ वाचतात. कपाटाच्या आतपर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.