प्रसादाची परात

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. लालबागच्या एका शाळेत माझं आयुष्य गेलं. तांबटाचे हातोडे सोसले, चिंचेने घासून घेतलं, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून आलेल्यांसाठी चुरमुरे माझ्यातच कालवले. आता कडा चेपल्या आहेत. खरं सांगू? थकले आहे मी. पण चंपाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्गात पाटीपूजन होतं. प्रसादाच्या गूळ-खोबऱ्यात नलूबाईंनी हौसेने शेंगदाण्याचं कूट घातलं. दुसरीतली चंपा मागे सरकली. "बाई, मला नको. शेंगदाण्याने माझा घसा धरतो."

चंपाच्या घरच्यांनी वर्षापूर्वीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बाईंना वाटलं, म्हणूनच पोर प्रसाद टाळते आणि घशाचं निमित्त सांगते. बाई मनाच्या वाईट नव्हत्या हो! "अगं, माझ्याकडे भेदभाव नाही. आणि प्रसाद कधी कुणाला बाधतो का?" असं म्हणत त्यांनी मायेने चिमूटभर तिच्या तोंडात घातलाच.

घात झाला! चंपाचे ओठ टम्म सुजले, तिला श्वास घेता येईना. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बुधाजी शिपायाने पोरीला उचललं आणि समोरच्या डॉक्टरांकडे धाव घेतली. माझ्यातलं अन्न एका लेकराच्या जिवावर उठलं होतं, आणि मी टेबलावर नुसती पडून होते. डॉक्टरांनी सुई टोचली, म्हणून पोर वाचली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर चंपाची आई सुंदराबाई गिरणीतून थेट शाळेत आली. नलूबाई रडू लागल्या. सुंदराबाई एवढंच म्हणाली, "बाई, पोर सांगत होती ना?"

त्यानंतर प्रसादात शेंगदाणा आला नाही. पण चंपाने सांगणंच सोडलं. अंगतपंगतीत भिंतीकडे तोंड करून डबा खायची. कुणी काही दिलं, की "पोट भरलंय" म्हणायची. सांगून काय उपयोग झाला होता? मला फार वाईट वाटायचं.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं, शाळेत पेढे वाटले. नलूबाई चंपासमोर वाकल्या. "यात फक्त खवा आणि साखर आहे. देऊ?"

"नको."

"बरं," म्हणून बाई पुढच्या मुलाकडे वळल्या. तेवढ्यात त्यांचा पदर ओढला गेला.

"बाई, मग द्या एक."

मित्रांनो, वाढणारा हात कितीही मायेचा असो, आधी समोरच्याचं 'नको' ऐका. माझं काय, मी परात. तुम्हाला तर कान आहेत.