चिमूटभर साखर

फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी, गोदेकडून येणारा वाराही तापून आलेला असताना, शाळेच्या मागच्या व्हरांड्यातून चर्र असा आवाज यायचा आणि पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा उग्र दर्प. मी वर्गात समजून जायचे : साळवे बाईंनी स्टोव्हवर सुरी तापवली आणि श्रीखंडाच्या एखाद्या रिकाम्या डब्याचा काठ कापायला घेतला. मला तो वास मेला कधीच सोसला नाही, डोकं धरायचं. आणि तरी ऐंशीनंतरची ती वर्षं आठवायची म्हटली की आधी तोच वास येतो.

बाई हस्तकला शिकवायच्या, मी गणित. सावळा, शांत चेहरा, चटके बसून निबर झालेली बोटांची टोकं, आणि काम करताना ओठांत धरलेली सुई; त्यामुळे त्यांचं मौनसुद्धा टोकदार वाटे. सणासुदीला घरी आणलेल्या श्रीखंडाचे, वनस्पती तुपाचे डबे मुली धुऊन त्यांच्यापुढे आणून ठेवायच्या. मग फुटक्या बांगड्यांची काच, जुन्या लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, उसवलेल्या स्वेटरची लोकर असा सारा टाकाऊ संसार त्या डब्यांभोवती जमे, आणि कालपर्यंत तुपकट असलेला डबा पेनं उभी करून साहेबी टेबलावर ऐटीत बसायला तयार होई. मात्र कुणालाही देताना त्याच्या तळाशी चिमूटभर साखर पडायचीच. रिकामं भांडं कुणाच्या हाती देऊ नये, ही त्यांच्या आईची शिकवण. आम्ही चिडवायचो, की बाई, पेनं काय चहा पिणार आहेत? त्या नुसत्या हसायच्या आणि साखर घालायच्या.

त्या फाल्गुनात मात्र हसणं आटलं होतं. बाईंची नोकरी हंगामी. यजमान अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, पदरात दोन मुली. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी चांगला शेरा दिला तर बाई कायम होणार आणि नाशकातल्या भाड्याच्या दोन खोल्या टिकणार. नाहीतर बिऱ्हाड उचलून इगतपुरीला, रेल्वेत असलेल्या भावाच्या दारात उभं राहायचं. भाऊ भला होता हो, पण भावजयीच्या चुलीपाशी उभा जन्म काढायचा म्हणजे काय, ते बायकांना सांगावं लागत नाही.

साहेबांच्या टेबलासाठी बाईंनी नवा संच केला. मोरपंखी लोकरीचं पेनांचं घर, टाचण्यांची डबी, शिक्क्याची बैठक. साहेब खुर्चीत बसले, मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेजारी उभ्या राहिल्या आणि आम्ही भिंतीशी. साहेबांनी पेन उचललं, वाचायला लागले. पंख्याची घरघर आणि पानांची सळसळ, एवढाच काय तो आवाज. तेवढ्यात मला खिडकीच्या चौकटीतून उतरणारी मुंग्यांची रेघ दिसली. बारीक, तांबडी, न चुकणारी. टेबलाच्या पायावरून ती वर आली, मोरपंखी डब्यात शिरली आणि दुसऱ्या बाजूनं उतरून थेट साहेबांच्या कागदावर. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही ती पाहिली होती. पदराचं टोक बोटाभोवती आवळत त्या जागच्या जागी उभ्या होत्या.

साहेबांनी मनगट झटकलं, डबा उपडा केला. कागदावर साखर सांडली. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. साहेब ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. डबा बोटानं दूर सारत ते शांतपणे म्हणाले, "हे रिकामपणाचे उद्योग आहेत."

बाई एक पाऊल पुढे आल्या. आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही.

"रिकामं कसं द्यायचं, साहेब?"

साहेबांनी मान वर न करता फाइल मिटली.

हस्तकलेचा तास गेला आणि बाईही गेल्या. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली परत करायची होती. ती त्यांनी एका छोट्या डबीत घालून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं तर किल्लीखाली साखर. त्याही घटकेला! मला रडू फुटलं आणि रागही आला, बाईंचाच. एवढं कशाला पाळायचं माणसानं? ज्या शाळेला त्या कधी काही रिकामं देऊ शकल्या नाहीत, तिनं त्यांना रिकाम्या हातांनी फाटकाबाहेर काढलं होतं.

बाई इगतपुरीलाच वारल्या, असं पुढे कानावर आलं. साहेबांनी दूर सारलेला तो मोरपंखी डबा मी तेव्हाच उचलून घरी आणला होता, तो आज माझ्या टेबलावर आहे. लोकर विटली, काचा निखळल्या, काठावर सुरीचा डाग तेवढा टिकून आहे. काळाला बाईंच्या आईची शिकवण कुणी दिली नाही. तो भरलेली माणसं घेऊन जातो आणि डबे रिकामे परत करतो. म्हणून दर फाल्गुनात त्यात चिमूटभर साखर मी घालते, आणि मुंग्यांची वाट पाहते.