गाळलेलं वाक्य

हर्सूलच्या त्या बुद्धविहारात वाचनाचा एक नियम होता आणि तो गोजरबाईंनी घालून दिलेला होता: वाचणाऱ्यानं शब्द गाळायचा नाही. गोजरबाईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण दर वर्षी पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ ऐकून त्यांचे कान असे तयार झाले होते, की शिकलेल्या पोरींनी एखादी ओळ खाल्ली तरी त्या मागून ओरडत, "मागं जा!"

त्या रविवारी दुपारी मात्र ग्रंथ नव्हता, सिनेमे होते. गोजरबाईंची मुलगी सुलेखा एका महिला संस्थेत कामाला होती. परदेशातल्या काळ्या बायकांवरचे तीन छोटे सिनेमे तिनं आणले होते आणि त्यातलं एकेक वाक्य ती माइकवरून मराठीत सांगणार होती. लॅपटॉपवर अपेक्षा बसली होती. अपेक्षा शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला. तीन वर्षं ती 'मैत्रीण' म्हणून घरी येई, गोजरबाईंच्या हातचं जेवून जाई. ती नुसती मैत्रीण नाही, हे त्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि येत्या गुरुवारी सुलेखाला बघायला सोयगावहून पाहुणे येणार होते.

तिसरा सिनेमा दोन बायकांच्या प्रेमाचा होता. तो अपेक्षानंच हट्टानं घ्यायला लावला होता. "तुझ्या तोंडून आपलं निघत नाही ना, मग त्या बाईचं तरी सांग," ती म्हणाली होती. तिला म्हणायला काय जातं, माइक तिच्या हातात थोडाच होता!

पहिले दोन सिनेमे छान पार पडले. "आपल्यासारखंच भोगलंय की यांनी," म्हणत पुढं बसलेल्या सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिसरा सुरू झाला. पडद्यावरची तरुण बाई आपल्या जोडीदारणीचा हात धरून आईच्या दारात उभी राहिली. भरभरून बोलली, बोलता बोलता रडली.

सुलेखानं सांगितलं, "आई, ही माझी मैत्रीण आहे."

"मागं जा!"

गोजरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "ते लेकरू एवढं बोललं, अन् तू चार शब्दांत उरकलंस? मैत्रिणीसाठी कुणी असं रडतं व्हय? गाळू नको. नीट सांग."

अपेक्षानं सिनेमा मागं नेला. सुलेखाकडे बघायची तिची छाती झाली नाही. आता वाघ म्हटलं तरी खाणार आणि वाघोबा म्हटलं तरी खाणार. सुलेखानं माइक दोन्ही हातांनी धरला आणि पडद्याकडे न बघता आईकडे बघत बोलली.

"आई, ही माझी नुसती मैत्रीण नाही. माझा जीव हिच्यावर आहे. मला हिच्यासोबतच संसार करायचाय. दुसऱ्या कुणाशी माझं लग्न लावू नको. तुझ्यापासून लपवून लपवून मी थकले गं."

शेवटची दोन वाक्यं पडद्यावर नव्हतीच. शब्द गाळायचा नाही हा नियम होता. पदरचा घालायचा नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावरच्या आईनं दार लावून घेतलं आणि सिनेमा संपला.

"अन् मग? उघडलंच नाय तिनं?" सरूबाईंनी विचारलं. गोजरबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि एकट्याच निघून गेल्या.

सुलेखा सतरंज्यांच्या घड्या घालू लागली. "मी येते सोबत," अपेक्षा म्हणाली. सुलेखा नको म्हणाली, तरी ती आलीच. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण वाट सरता सरेना. गोजरबाईंच्या दाराला दिवसासुद्धा कडी असे, कारण गल्लीतलं एक चोरटं मांजर दुधावर टपलेलं असे. आज दार सताड उघडं होतं. आई आपलं सामान बाहेर काढतेय, असंच सुलेखाला वाटलं. ती उंबऱ्याबाहेरच थबकली.

आत गोजरबाई भाकरी थापत होत्या. डोळे सुजले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"सोयगावला निरोप धाडलाय, येऊ नका म्हणून," त्या म्हणाल्या. "लई राग आलाय मला तुझा. तीन वर्षं गाळत आलीस."

अपेक्षा मागच्या मागं निघायला वळली.

भाकरी तव्यावर पडली. "तू कुठं चाललीस? दोघीबी आत या, अन् दार लावा," गोजरबाई म्हणाल्या. "मांजर येतं."