मागचा चमचा

कुबरानं गळाच्या मागच्या चमच्याची तार कडीतून काढली आणि तिच्या जागी शिवणाचा काळा दोरा ओवला. वरून तारेचे पोकळ वेढे दिले. पाहणाऱ्याला संशय येऊ नये इतकं ते बेमालूम जमलं.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा महबूब फजरची, म्हणजे पहाटेची नमाज आटोपून चहा पीत होता. शुक्रवारची सुट्टी. आखातातल्या फहाहीलच्या किनाऱ्यावर त्याचा दोस्त अशरफ आपली मोटरहोडी घेऊन थांबला असणार.

सुरमईसाठी हे दोघे एकाच दोरीला गळ जोडलेले पत्र्याचे दोन चमचे लावत, एकामागे एक. पुढचा लकाकून माशाला बोलावतो आणि मासा बहुधा मागच्याला तोंड घालतो. ते बांधायचं काम कुबराचं. रत्नागिरीकडे बापाचे गळही तिनंच बांधले होते. तिथले पुरुष दोरी मनगटाला गुंडाळून बसत. शिडाच्या होडीत ते खपून जाई. इथं इंजिनाचा वेग, त्यात दोन-दोन चमचे. गेल्या हिवाळ्यात तिच्या मावसभावाला, यूनुसला, दोन सुरमयांनी एकदम हिसका दिला आणि तो होडीबाहेर ओढला गेला. वर काढला तेव्हा दोरी मनगटात रुतली होती आणि अंगात जीव नव्हता. तरी महबूबची सवय जाईना. हातून दोरी निसटली तर अशरफ हसेल, याचीच त्याला जास्त धास्ती.

"मनगटाला गुंडाळू नका," चमचे देताना ती म्हणाली.

"झालं तुझं सुरू," असं म्हणून तो हसत निघाला.

मोठा मासा लागला की दोरा तुटेल, मासा जाईल, माणूस राहील, एवढाच तिचा बेत. पण कपडे धुताना सदऱ्याचं लोंबणारं सूत तिनं तोडायला घेतलं आणि ते तुटेना. सूत भिजलं की उलट पक्कं होतं, आणि तो दोराही सुताचाच. जाळी विणणाऱ्यांच्या घरातली लेक, आणि नेमकं हेच विसरली.

दुपारी वारा सुटला, दारातून वाळू आत येऊ लागली. ती दार लावी आणि लगेच उघडून बघे. शेजारच्या रबियानं हाक मारली तेव्हा ती धावतच दारात गेली. रबियाला फक्त मीठ हवं होतं.

असरच्या नमाजेनंतर, ऊन कलल्यावर महबूब आला. दोन्ही हातांत सुरमया.

"एकदम लागल्या दोन्ही," तो म्हणाला. "मागची गाठ कच्ची होती गो तुझी. अशरफच्या ध्यानात आलं, म्हणून निघतानाच तारेनं पक्की केली. नायतर ही मोठी गेली असती."

कुबरा मासे साफ करायला बसली. महबूब उजवं मनगट चोळत होता. त्यावर दोरीचा लालभडक वळ उठला होता. तो बघून ती इतकी भ्याली, की दिवसभराची भीती तिला त्यापुढे काहीच वाटेना.

"कच्ची नव्हती," ती म्हणाली. "मुद्दाम बांधली होती तशी."

महबूबचा हात थांबला.

"पुढच्या शुक्रवारी मी येते होडीत."

"तू काय करणार तिथं?"

तिनं सुरी पाण्यात विसळली, पदराला पुसली.

"दोरी तुम्ही धरा. मी दोरीवर ही सुरी धरते."

महबूबनं सुरीकडे पाहिलं आणि हळूच बाही मनगटावर ओढून घेतली.