मामांचं पाऊल

पोलिसांना सगळेच गमतीनं मामा म्हणतात, पण या पोलीस ठाण्यातले हवालदार लेखनिकबाईचे खरोखरचे मामा होते, आईचे सख्खे धाकटे भाऊ. मामांनी जागेवर जाऊन बघून यायचं आणि भाचीनं टेबलाशी बसून लिहायचं. अंतर मामा पावलांत सांगत, ती पाऊणने गुणून त्याचे मीटर करी. ठाण्यात मोजपट्टी नव्हती असं नाही, पण तिचा सुरुवातीचा तुकडा कुणीतरी केव्हाच तोडून नेला होता. शिवाय मामांचं पाऊल पाऊण मीटरचं, केसभर इकडे नाही की तिकडे, अशी ख्याती. पट्टी ताणली तर लांबते, मामा ताणले तरी लांबत नाहीत, असं शिपाई म्हणत.

त्या दिवशी चार वाजता एक अहवाल कोर्टात जायचा होता. बेकरीच्या गाडीनं लाकूडवखारवाल्याच्या मुलाला उडवलं होतं आणि त्याचा पाय मोडला होता. बेकरीचा ड्रायव्हर कोठडीत होता. "बाई, मी पन्नासच्या वर नव्हतो," हे एकच वाक्य तो दोन दिवस सांगत होता. पन्नासची तिथे परवानगीच होती. पण रस्त्यावरची ब्रेकची खूण निघाली अठ्ठावीस पावलं, म्हणजे एकवीस मीटर, म्हणजे गाडी साठच्या वर. कागद तसाच गेला, तर त्याचं लायसन्सही जाणार आणि तोही आत जाणार. त्याची बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर धरून बसली होती.

लेखनिकबाईनं शेवटचं वाचून काढायला घेतलं. वाचताना प्रत्येक ओळीवर संशय घ्यायचा, हा तिचा स्वभाव. त्यापायी नवऱ्यानं तिचं नाव 'शंकाबाई' पाडलं होतं. "खूण औषधाच्या दुकानाच्या दारापासून सुरू होते आणि चार गाळे ओलांडून खांबापाशी संपते." वाक्य कसं स्वच्छ! ती पुढच्या ओळीवर गेली आणि परत फिरली. त्या रांगेतला एक गाळा बहिणीनं शिवणकामासाठी भाड्यानं बघितला होता. साडेतीन मीटर रुंद, सगळे एकाच मापाचे. चार गाळ्यांचे होतात चौदा. मग हे एकवीस आले कुठून?

तिच्या मनात पाल चुकचुकली.

एकदा चुकचुकली की ती पाल गप्प कसली बसते. वखारवाला आठवड्यात तीनदा ठाण्यात येऊन गेला होता. मामा मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी न सांगता बाहेर गेले होते. कुठे म्हणून विचारलं तर "जरा काम होतं" म्हणून तोंडाला कुलूप. आणि कालच शिपाई सहज बोलून गेला होता, "मामा हल्ली वखारीच्या गल्लीत दिसतात बरं का." कुठेतरी पाणी मुरत होतं. कुंपणच शेत खायला लागलं, तर बाकावरच्या त्या बाईनं दाद मागायची कुणाकडे? आणि कुंपण म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, तिला सायकल शिकवणारा मामा. तिला आधी राग आला, मग रडू आलं. शेवटी दोन्ही गिळून ती घड्याळाकडे बघत बसली.

दोनला मामा टोपी घालून निघाले. ती मागोमाग निघाली.

मामा वखारीच्या गल्लीत शिरले. फाटकाशी वखारवाला उभाच होता. त्यानं हात केला, मामांनीही केला. पण मामा थांबले नाहीत. पुढे एक अरुंद जिना होता आणि वर हाडांच्या डॉक्टरची पाटी. मामांनी कठडा धरला, उजवा पाय वर टाकला, डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला, श्वास घेतला. मग पुढची पायरी. सात पायऱ्यांना त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात ती अख्खी गल्ली चालून आली असती.

ते खाली उतरले तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"तू इथे कशी?"

"तुमच्या मागून आले."

"का?"

"वाटलं, वखारवाल्यानं तुमचे हात ओले केले."

"असं वाटलं तुला? माझ्याबद्दल?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची सोय तिनं स्वतःला ठेवली नव्हती. "मामा, गुडघा कधीपासून?"

"आवाज हळू. साहेबांना कळलं तर बाहेरचं काम बंद करतील. खुर्चीत बसून मी काय करू, माशा मारू?"

"दहा पावलं चाला."

"अगं, भर रस्त्यात?"

"चाला म्हणते ना."

मामा चालले. लंगडत नव्हते, तेवढी खुबी त्यांनी साधली होती. पण लंगडू नये म्हणून पाऊल आखडतं पडत होतं. तिनं वखारीतूनच पट्टी मागून आणली आणि वाकून मोजलं. पाच मीटर. एका पावलाला अर्धा मीटर. अठ्ठावीस पावलांचे बरोबर चौदा.

मामांनी पट्टीवरचा आकडा दोनदा बघितला. त्यांचा चेहरा उतरला. "मी तर नेहमीसारखंच मोजलं गं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं, हेच वाईट होतं.

परतताना त्यांनी रस्त्यावरची खूणही त्याच पट्टीनं मोजली, ती चौदाच भरली. साडेतीनला मामांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती लिहिली: पट्टीनं मोजता अंतर चौदा मीटर; आधीचं माप माझ्या पावलांचं; गुडघ्याच्या दुखण्यानं पाऊल लहान झालं आहे, हे मी कळवलं नव्हतं. खाली सही केली. साहेबांनी वाचून टोपीकडे आणि मग मामांकडे बघितलं, आणि उद्यापासून खुर्ची, एवढंच म्हणाले. बाकावरच्या बाईला आत बोलावलं गेलं.

लेखनिकबाईला हायसं वाटायला हवं होतं. ती मामांच्या समोर येऊन बसली.

"कधीपासून ते सांगितलं नाहीत."

"झाले आठ महिने."

दोघंही एकदमच कपाटाकडे वळले. आठ महिन्यांतले अपघातांचे सतरा अहवाल निघाले. सगळी पावलं मामांची, सगळे गुणाकार तिचे. त्यातल्या एका टेम्पोवाल्याला शिक्षा होऊन पाच महिने झाले होते. तिनं ती फाईल उघडली.

"तो काय म्हणत होता?" मामांनी विचारलं.

"मी सावकाश चालवत होतो, असं."

"आणि आपण काय लिहिलं?"

तिनं वाचून दाखवलं. "मोजलेले अंतर पाहता आरोपी खोटे बोलत आहे."

अक्षर वळणदार होतं, शाईचा एक डागसुद्धा नव्हता. ते तिचंच होतं.